काळजाला टाकाऊ म्हणणाऱ्यांना

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या बाजारात मटण घ्यायला आलेली शिकलीसवरली मंडळी हल्ली खाटकाला आवर्जून बजावतात, ‘काळीज घालू नका.’ याच दुकानांपुढे पूर्वी उलटी विनवणी चालायची. किलोभर मटणात काळजाचा एक तुकडा जास्त पडावा म्हणून गिऱ्हाईक हटून बसायचं आणि खाटीकही ओळखीच्या माणसाचा मान म्हणून तो तुकडा वरून टाकायचा. आता तेच काळीज नको झालं आहे. का, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. काळजात जनावराच्या अंगातलं सगळं विष साठतं. त्याला वास येतो, ते चिवट लागतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जेवून आलेले आणखी एक सांगतात : खावं तर फ्रान्सचं, इटलीचं, आपल्याकडे नुसता मसाला थापतात. या सगळ्यांच्या मुळाशी एक कारण आहे, जे मोठ्याने कोणी बोलत नाही. हे खालच्यांचं खाणं आहे, असं मनात असतं.

ही चारही म्हणणी चुकीची आहेत, आणि चौथं नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचं आहे. म्हणून हा लेख.

आधी एक स्पष्ट करतो. याच भूम तालुक्यात जैनांची कुंथलगिरी आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन तिथेच देह ठेवला. गावोगावी माळकरी आहेत. ज्यांनी श्रद्धेने मांस सोडलं किंवा कधी खाल्लंच नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद मटण खाणाऱ्यांशी आहे. बोकडाची मांडी चवीने खायची आणि त्याच बोकडाचं काळीज घाण ठरवायचं, या भेदाशी आहे.

विषाचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते शास्त्राच्या नावाखाली सांगितलं जातं. काळीज म्हणजे यकृत, आणि ते रक्तातले नको असलेले पदार्थ पकडतं हे खरं. पण ते त्यांची कोठी करून बसत नाही. त्यांची रासायनिक मोडतोड करतं, काही पित्तावाटे आतड्यात सोडतं, काही रक्तात परत देतं आणि ते मूत्रपिंडांवाटे लघवीतून बाहेर पडतं. जनावर दूषित जागी चरलं, तर कॅडमियमसारखे जड धातू यकृतात आणि त्याहून जास्त मूत्रपिंडात साचू शकतात. पण बालाघाटाच्या माळावर बाभळी-बोरीचा पाला ओरबाडणारं वर्ष-दीड वर्षाचं बोकड आणि कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेलं म्हातारं जनावर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. यकृतात मुख्यतः साठतं ते वेगळंच : अ जीवनसत्त्व, ब१२, फोलेट, लोह, तांबं. शरीराने अडीअडचणीसाठी राखलेली ती शिधासामग्री असते.

हे ज्ञान पाश्चात्त्य डॉक्टरांनी आपल्याला शिकवलं असंही नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बोकडाचं यकृत सांगितलं आहे. रक्तस्रावाने खचलेल्या रोग्याला तर बोकडाचं कच्चं यकृत द्यावं, असंही त्याच ग्रंथात आहे. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येतो हे विसाव्या शतकात कळलं, उपाय मात्र आधीपासून ठाऊक होता. काळजाला ‘आपल्या संस्कृतीत न बसणारं’ म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ एकदा उघडून पाहावा.

विसाव्या शतकाची गोष्ट तर याहून मोठी आहे. पर्निशस ॲनिमिया हा पंडुरोगाचा एक प्रकार तेव्हा मरणाचाच निरोप मानला जाई. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी रक्त काढून अशक्त केलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले आणि यकृत खाऊ घातल्यावर रक्त झपाट्याने भरतं हे दाखवलं. तो धागा पकडून जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये ४५ रोग्यांना रोज यकृत खाऊ घातल्याचे निष्कर्ष छापले. मरणाच्या दारातले रोगी उठून चालू लागले होते. १९३४ चं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं. यकृतातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे ब१२, हे कळायला १९४८ साल उजाडलं. तोवर बावीस वर्षं डॉक्टरांच्या हातातलं औषध म्हणजे खाटकाच्या दुकानातलं काळीज आणि त्यापासून काढलेले अर्क.

आणि या कथेचा एक अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पंडुरोगाने का मरतात, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. परळच्या हाफकिन संस्थेशी जोडलेलं हे काम होतं. त्यांना आढळलं की या बायकांच्या आहारातच काहीतरी कमी आहे, आणि ते यीस्टच्या मार्माइटने किंवा यकृताच्या साध्या अर्काने भरून निघतं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तो कमी पडणारा घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळीची मुळं परळच्या गिरणगावात आहेत. त्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून पोट भरायला गेलेली आपलीच माणसं राबत होती.

कोणी कोलेस्टेरॉलचा मुद्दाही काढतं, तो मी लांबवणार नाही. काळजात कोलेस्टेरॉल भरपूर असतं. पण खाण्यातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांचं नातं समजलं जायचं तितकं सरळ नाही, आणि अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेने २०१५ नंतर रोजच्या ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा सोडून दिली. ज्याला डॉक्टरांनी नेमून पथ्य दिलं आहे त्याने ते पाळावं. बाकीच्यांनी महिन्यातून चार वेळा डालड्यातली मिठाई खाऊन काळजाला दोष देऊ नये.

माझी बाजू भक्कम आहे म्हणून काळजाचे खरे धोके लपवायची मला गरज नाही. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक हा खरा धोका आहे. डच दर्यावर्दी बॅरेन्ट्स याच्या तुकडीतले लोक १५९७ मध्ये ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाऊन आजारी पडले आणि त्यांची कातडी सोलवटून निघाली. बोकडाचं काळीज तेवढं तीव्र नसतं, पण तेही रोज वाटीभर खायची वस्तू नाही. आठवड्यातून एकदा पन्नास ग्रॅम मोठ्या माणसाला पुरे, लहान मुलाला एक-दोन तुकडे. गरोदर बाईने ते टाळावं किंवा डॉक्टरांना विचारूनच खावं. युरिक ॲसिडचा, गाऊटचा त्रास असलेल्याने लांबच राहावं. कोंबडीची कलेजी आत गुलाबी राहता कामा नये, कारण तिच्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू असू शकतो. जपानमध्ये गाईचं कच्चं यकृत फार आवडीने खाल्लं जाई. यकृताच्या आतूनच घातक जंतू सापडल्यावर २०१२ मध्ये तिथल्या सरकारने ते विकायला बंदी केली.

आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका मात्र ताटात नाही, दुकानामागे आहे. तळ्याकाठी, ओढ्याकाठी चरलेल्या जनावराच्या यकृतात पर्णकृमी सापडतात. काही वेळा पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसतात. हे फोड एका फीतकृमीचे असतात. असं काळीज खाटीक बाजूला काढतो, आणि बहुतेक ठिकाणी ते कुत्र्यांपुढे पडतं. कुत्र्याच्या पोटात त्या कृमीची वाढ पुरी होते, विष्ठेतून अंडी बाहेर येतात, ती गवतावर, पाण्यात, पोरांच्या हातावर जातात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तसेच फोड तयार होतात. म्हणजे फोडाचं काळीज खाल्ल्याने हा रोग होत नाही, ते कुत्र्याला घातल्याने होतो. भूमसारख्या प्रत्येक नगर परिषदेने खाटकांना अशा काळजासाठी चुन्याचा खड्डा करून दिला, तर हे चक्र तुटायला फार पैसे लागणार नाहीत. विषाच्या अफवा पसरवणाऱ्यांनी आपला आवाज या मागणीसाठी वापरला असता, तर मी त्यांचे आभार मानले असते.

आता चवीकडे येतो. काळजाला वास येतो आणि ते चिवट होतं, हे ज्यांचं म्हणणं आहे ते खोटं बोलत नाहीत. त्यांना वाढलेलं काळीज खरोखरच तसं असतं. दोष रांधणाराचा असतो. मांडीच्या मटणात चिवट धागे असतात, ते तासभर शिजल्यावरच विरघळतात, म्हणून मटणाला वेळ द्यावा लागतो. काळजात ते धागे नसल्यातच जमा आहेत. तव्यावर चार-पाच मिनिटांत ते तयार होतं आणि त्यानंतरचं प्रत्येक मिनिट त्यातलं पाणी पिळून काढतं. कुकरमध्ये मटणाबरोबर तीन शिट्ट्या खाल्लेलं काळीज खडूसारखं होणारच.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना हे पक्कं माहीत होतं. मटण चुलीवर रटरटत असताना काळीज वेगळं काढलेलं असे. वरचा पातळ पापुद्रा ओढून काढायचा. पित्ताची पिशवी खाटकाने नीट काढली आहे ना ते पाहायचं, कारण ती फुटली की जिथे हिरवा डाग लागेल तो भाग कडूजहर होतो आणि कापून टाकावाच लागतो. तुकडे सुपारीपेक्षा मोठे. लोखंडी तव्यावर तेल चांगलं तापलं की कांदा, मग ठेचलेलं लसूण-आलं, हळद, काळा मसाला, चिमूटभर भाजलेलं खोबरं, आणि शेवटी काळीज. दोन वेळा परतायचं, मीठ उतरवताना घालायचं, वर लिंबू पिळायचं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर लगेच खायचं. मुलांसाठी तर दोन तुकडे मीठ लावून निखाऱ्यावरच टाकले जात.

‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काळीज त्याच दिवसाचं असावं आणि केल्या केल्या संपावं. शिळं काळीज परत गरम केलं की त्यातलं लोह आणि चरबी यांच्या संयोगाने तो कुबट वास सुटतो, ज्याला लोक काळजाचा वास म्हणतात. ताज्या काळजाला किंचित गोडवा असतो, कारण त्यात साठवलेली साखर असते. उपाशी, घाबरलेल्या, गाडीत कोंबून लांबून आणलेल्या जनावराची ही साखर मरायच्या आधीच संपलेली असते. गावात वाढलेल्या बोकडाचं काळीज गोड लागतं यामागे हे साधं कारण आहे. आमच्या जिल्ह्याने आपल्या जुन्या नावावरून उस्मानाबादी शेळीला नाव दिलं. दुष्काळातही तग धरणारी, बहुधा काळीभोर, अनेकदा जुळी देणारी ही शेळी देशभर ओळखली जाते. तिच्या मटणाचा अभिमान सांगायचा आणि तिचं काळीज कुत्र्यापुढे टाकायचं, ही कसली कदर?

आता फ्रान्स-इटलीचं. व्हेनिसमध्ये काळजाचे पातळ काप भरपूर कांद्याबरोबर परततात, थोडं आंबट घालतात, आणि वाढतात. या पदार्थाची गणना तिथल्या अभिजात पाककृतींत होते. कांदा, तापलेलं तेल, थोडा वेळ, थोडं आंबट. भूमच्या तव्यावरच्या कृतीत आणि या कृतीत मसाल्यापलीकडे फरक काय? इंग्लंडच्या घराघरांत काळीज-कांदा शिजला. अलेक्झांड्रियात मिरची-लसणात परतलेलं काळीज पावात घालून रस्त्यावर विकतात. तुर्कस्तानात एडिर्ने शहराची ओळखच कुरकुरीत तळलेल्या पातळ काळजाची आहे. ज्यू लोकांच्या धर्मनियमांत रक्त वर्ज्य, म्हणून ते काळीज उघड्या आचेवर भाजून त्यातलं रक्त निथळू देतात आणि मग कांदा-अंड्याबरोबर चिरून खातात. इतके लांबचे समाज जोरदार आचेपाशी, आणि बरेचसे कांद्यापाशीही, येऊन थांबले, कारण काळजाची गरजच ती आहे. हे ज्ञान कोणा एका देशाची जहागीर नाही.

फ्रेंच फ्वा ग्राची गोष्ट तर मी मुद्दाम सांगतो, कारण तिचं नाव घेऊन आमच्यावर तोंड वाकडं केलं जातं. बदकाच्या किंवा हंसाच्या घशात नळी घालून, बळजबरीने मका भरून, त्याचं यकृत चरबीने कितीतरी पट फुगवतात आणि ते लोण्यासारखं खातात. फ्रान्सने २००६ मध्ये कायदा करून त्याला सांस्कृतिक वारसा ठरवलं. भारताने २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली, आणि ती योग्य होती. पक्ष्याचं आजारी केलेलं यकृत म्हणजे उच्च अभिरुची, आणि माळावर मोकळ्या हिंडलेल्या बोकडाचं निरोगी काळीज म्हणजे गावंढळपणा, हा निवाडा जिभेने केलेला नाही. तो ताटाच्या किमतीने केलेला आहे.

फ्रान्सपर्यंत जायची तरी काय गरज? गोव्यात ख्रिस्ती घरातल्या नाताळाला आणि लग्नाला सोरपोतेल नसेल तर सण झाला असं कोणी म्हणत नाही. डुकराचं मांस, काळीज आणि हृदय यांचे बारीक तुकडे, व्हिनेगर आणि मिरची. व्हिनेगरमुळे तो पदार्थ टिकतो आणि दोन-तीन दिवसांनी आणखी चवदार लागतो. त्यात काळीज असतं म्हणून कोणी गोवेकर शरमेने मान खाली घालत नाही. पारशी घरांत कोंबडीची आलेटी-पालेटी अशीच मानाने वाढली जाते. मुंबईत मोहम्मद अली रोडवर तव्यावरची कलेजी खायला लांबून लोक येतात. मग धाराशिव जिल्ह्यातल्या माणसालाच आपल्या काळजाची लाज का वाटावी?

इथे ते न बोललेलं चौथं म्हणणं येतं, खालच्यांच्या खाण्याचं. ते तपासण्याआधी एक उदाहरण. स्कॉटलंडमध्ये हॅगिस नावाचा पदार्थ आहे. मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस ओट्समध्ये मिसळून तिच्याच कोथळ्यात भरून शिजवतात. गरिबाचं हे खाणं होतं. रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याच्या मुलाने १७८६ मध्ये त्यावर कविता लिहिली. आज दर वर्षी २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिनी, स्कॉटिश माणूस जगात कुठेही असो, हॅगिस समारंभाने टेबलावर आणतो. गरिबाच्या अन्नाबद्दल अभिमानाने लिहिलं गेलं, आणि देशाने ते आपलं म्हटलं.

आपल्याकडेही असं लिहिणारा माणूस झाला, आणि तो आमच्याच जिल्ह्यातला आहे. शाहू पाटोळे हे धाराशिव जिल्ह्यातल्या खामगावचे. त्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होतं, का शिजत होतं, आणि कोणत्या व्यवस्थेने त्यांना तेवढंच शिजवायला लावलं, हे त्यांनी कृतींसकट लिहून ठेवलं. रक्ती, वाळवलेलं मांस, जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवणारी टंचाईतली कला, सगळं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि देशभर त्याची चर्चा झाली. पण आमच्या तालुक्यात किती घरांत हे पुस्तक आहे? स्कॉटलंडने बर्न्सचं केलं त्यातलं काय आपण पाटोळ्यांचं केलं? त्यांनी लिहिलेलं अन्न आपण आजही नाक मुरडून बघतो, कारण ते कोणाच्या चुलीवर शिजलं हे आपल्याला ठाऊक आहे. गावकीत मांडी वाड्यावर गेली आणि आतडी, रक्त, मुंडी वेशीबाहेर. वाटणी अशी झाल्यावर वाटणीतला प्रत्येक भाग त्या माणसाच्या जातीचा झाला. काळीज या दोन टोकांच्या मध्ये होतं, मानाचंही आणि गरिबाचंही. आता शिकलेला माणूस ते खाली ढकलतो आहे, म्हणजे त्याला आपण स्वतः वर गेलो असं वाटतं. मी याला आहाराचा प्रश्न मानत नाही. हा जातीचाच प्रश्न आहे आणि त्याला पोषणाचं सोंग चढवलं गेलं आहे.

याची किंमत कोण मोजतं तेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बाया पंडुरोगी निघाल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या वर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींत ब१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व भाजीत, डाळीत, भाकरीत नसतं. दुधात थोडं असतं, आणि खव्यासाठी नावाजलेल्या आमच्या तालुक्यातलं दूध तर बहुतेक भट्टीवरच जातं. गरोदरपण सोडून एरवी आठवड्यातून एक वेळचं थोडं काळीज हे अंतर भरून काढू शकतं.

पण काळीज घरात आलं तेव्हा तरी ते कोणाच्या ताटात गेलं? आखाडात गल्लीतली चार घरं मिळून बोकड घेत, वाटे घालत, आणि प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा मोजून पडे. तिथवर न्याय होता. वाटा उंबऱ्याच्या आत आला की न्याय संपे. काळीज आधी पोरांना, मग घरातल्या कर्त्या पुरुषाला, आणि जिने ते परतलं तिच्यासाठी तव्याला लागलेला मसाला. बोकडाचं सगळं काळीज भरतं अर्ध्या किलोच्या आसपास. त्याचे चार वाटे झाल्यावर घरात येणार मूठभर, आणि त्यातही जिला पाळीमुळे दर महिन्याला लोहाची गरज सर्वांत जास्त, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. सुश्रुतापासून नोबेलपर्यंतचं सगळं ज्ञान या एका सवयीपुढे निरुपयोगी ठरतं.

म्हणून माझं मटण खाणाऱ्या भूमकरांना सांगणं एवढंच आहे. खाटकाला ‘काळीज घालू नका’ म्हणू नका, ताजं मागून घ्या, कापून आतून बघून घ्या, फोडाचं असेल तर पुरायला लावा. घरी आणल्यावर मटणात टाकू नका, वेगळं परता. आणि ताटं वाढताना घरातल्या वयात आलेल्या मुलीला पहिलं वाढा, आईला दुसरं. पुरुषांनी उरलं तर खावं.